चंचल मूल आणि अवधानदोष : निदान कसे होते?

‘पोरगं वांड आहे डॉक्टर, एका जागी बसतच नाही,’ असे सांगत आई मुलाचा हात घट्ट धरून तपासणीच्या खोलीत येते. शिंदखेड्यासारख्या तालुक्यात ही तक्रार बहुधा शाळेतून उठते, आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो मुलाने पुष्कळ मार खाल्लेला असतो. अशी बहुतेक मुले केवळ खोडकर असतात. काहींना मात्र अवधानदोष व अतिचंचलता, म्हणजेच ‘एडीएचडी’, हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असतो. हा भेद कसा ओळखला जातो, हे देणगीदार, विश्वस्त व पालक यांच्या माहितीसाठी येथे मांडत आहोत.

या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही, आणि मेंदूचा स्कॅन काढूनही निदान होत नाही. केवळ त्यासाठी पदरमोड करून मोठ्या शहरी धाव घेणे व्यर्थ होय. निदान होते ते सविस्तर विचारपूस व निरीक्षण यांतूनच. २०१३ साली सुधारलेल्या अमेरिकन निकषांत अवधानाच्या अभावाची नऊ आणि अतिचंचलता व उतावीळपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली आणि वयाच्या मानाने अधिक असावी लागतात. त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असावीत. पूर्वी ही मर्यादा सात वर्षे होती. शिवाय घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती आढळली पाहिजेत. म्हणूनच गुरुजींचे मत आईच्या मताइतकेच मोलाचे ठरते.

मूल फक्त वर्गातच अस्वस्थ असेल, तर त्याला फळा दिसतो का, नीट ऐकू येते का, हे आधी पाहावे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठी उमगत नसेल, तर त्याचे लक्ष उडणारच! रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडणारी झोप, क्षणभर भान हरपणारी अपस्मारी अवस्था, घरातील भय, यांचाही शोध घ्यावा लागतो. ‘तारे जमीन पर’ (२००७) या चित्रपटातील मुलास डिस्लेक्सिया होता. तो विकार याच्यासोबत असू शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी मात्र कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

प्रौढांमध्ये, म्हणजे सतराव्या वर्षापासून पुढे, पाच लक्षणे पुरेशी मानतात. परंतु बालपणीचा पुरावा हवाच. चिंता, नैराश्य, व्यसन व थायरॉईडचे विकार यांतही लक्ष विचलित होते. अशा वेळी जुने प्रगतिपुस्तक आणि वृद्ध आईची आठवण फार उपयोगी पडते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश आहे. शाळेत येणाऱ्या तपासणी पथकास पालकांनी आपली शंका निःसंकोच सांगावी. डॉक्टरांकडे येताना मुलाच्या वह्या, प्रगतिपुस्तक व वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी सोबत आणावी.