गिगाहर्ट्झ विचारण्याआधी

सुरतच्या बमरोली-पांडेसऱ्यात साडीच्या डिझाइनला किंवा एम्ब्रॉयडरीच्या पंचिंगला कॉम्प्युटर घ्यायचा म्हटला, की आपली खानदेशी मंडळी आधी विचारतात, ‘किती गिगाहर्ट्झचा?’ या आकड्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला किती अब्ज पडतात एवढेच तो सांगतो. एका ठोक्यात काम किती उरकते, ते सांगत नाही. पुरावा खुद्द इंटेलचा आहे. पेंटियम-४ त्यांनी ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत नेला, पण उष्णता आवरेना. पुढची ‘तेजस’ चिप २००४ मध्ये रद्द झाली. २००६ चा कोअर-टू-ड्युओ तीन गिगाहर्ट्झच्या आत राहूनही पेंटियम-४ च्या पुढे गेला, तोही कमी वॅटमध्ये. ठोके वाढवायचे तर व्होल्टेज चढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो.

मग कोअर, म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्र प्रोसेसर, जास्त घ्यावेत, असे कोणी म्हणेल. अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्याची ताकद पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बांधून दाखवलीच. पण काम वाटून देता आले पाहिजे. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आजही लागू आहे: कामाचा पाचवा हिस्सा एकामागून एकच होणार असेल, तर कितीही कोअर लावा, वेग पाचपटीपलीकडे जात नाही. शिवाय फाइल रॅममध्ये मावत नसेल, तर उत्तम प्रोसेसरही नुसता वाट पाहत बसतो.

वीजबिलात फरक तो कितीसा, वॅट कशाला पाहायचे, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. वॅट म्हणजे उष्णता. सुरतच्या मे महिन्यात बंद गाळ्यात चिप तापली, की ती जळू नये म्हणून आपणहून ठोके कमी करते. दोन लॅपटॉपवर एकच ‘आय-सेव्हन’ लिहिलेले असते, पण एकाला १५ वॅटची मुभा असते, दुसऱ्याला ४५ ची. लांबलचक कामात दोघांत मोठे अंतर पडते. उलट, जास्त वॅट खाणारी चिप काम लवकर संपवून शांत झाली, तर एकूण वीज कमीही लागू शकते. वॅटला वेळेने गुणूनच निवाडा करावा. तेव्हा दुकानात जाताना आपली सर्वांत जड डिझाइन पेनड्राइव्हवर न्या, अर्धा तास सलग चालवायला सांगा आणि सुरुवातीला व शेवटी तेच काम किती वेळात होते ते घड्याळ लावून पाहा.