मुळाक्षरांकडून वाचनाकडे

पहिलीच्या वर्गात फळ्यावरील ओळ पाटीवर हुबेहूब उतरविणारे मूल ती ओळ वाचू शकतेच असे नाही. मुळाक्षरे न चुकता म्हणणारी, बाराखडी तालावर घोकणारी मुलेही चार अनोळखी शब्दांपुढे अडखळतात. घोकणे हे स्मरणाचे आणि उतरविणे हे हाताचे काम होय. वाचन त्याहून निराळे.

आपल्या वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला आहे. शास्त्रदृष्ट्या तो सुंदर असला तरी नवशिक्या वाचकासाठी रचलेला नाही. त्या क्रमाने गेल्यास 'ङ' आणि 'ञ' आरंभीच येतात. या अक्षरांनी सुरू होणारा एकही शब्द मुलाच्या तोंडी नसतो. याउलट म, ग, र, न ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर मगर, नगर, गरम, नाग, रान, राग, गार असे परिचित शब्द तयार होतात. त्यांत 'ल' व 'आ' मिळविले की 'मला राग आला' हे संपूर्ण वाक्य मुलाला वाचता येते, आणि ते त्याच्या मनातलेही असते! ग, म, भ, न यांच्या उभ्या दंडामुळे हाताला वळण लागणेही सोपे जाते.

पुढील अडचणी लिपीच्या स्वभावातून उद्भवतात. 'मगर' सुटे सुटे वाचल्यास शब्द कानाला लागत नाही, कारण बोलताना शेवटच्या अक्षरातील 'अ' लोपतो. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहावी लागते, उच्चार मात्र नंतर होतो. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एकच, पण उच्चार दोन. या जागी अडणारे मूल मंद नसते. घरी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाने 'पानी' लिहिले, तर ऐकलेला ध्वनी त्याने अचूक टिपलेला असतो. तेथे लाल रेघ ओढण्यापूर्वी शाबासकी देणे उचित. 'पाणी' मागाहून शिकविता येते.

घरी पुस्तक नसलेल्या मुलांचा प्रश्न ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे 1945 पासून आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर हाताळला. आदिवासी पाड्यांतील मुलांसाठी त्यांनी बिया, पाने, शिंपले अशा परिसरातील वस्तूंचीच साधने केली. प्रथम भरपूर बोलणे, मग चित्र, मग अक्षर, ही वाट आजही पाड्यावरील शाळेस परवडणारी आहे.

2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट 2026-27 पर्यंतसाठी ठेवले. ते तपासण्यास सुवाच्य वह्या पुरेशा नाहीत. शाळाभेटीस आलेल्या अधिकाऱ्याने पाठ्यपुस्तकाबाहेरील दोन ओळी मुलापुढे ठेवाव्यात आणि वाचून झाल्यावर त्यात काय घडले ते विचारावे. पंचायत सदस्यांनी शाळेत गेल्यावर गोष्टींची पुस्तके कुठे आहेत, हे पाहावे. फाटतील या भीतीने ती पुष्कळदा कपाटात कुलूपबंद असतात. त्याऐवजी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर दोरी बांधून ती टांगावीत. फाटलेली पाने डिंकाने चिकटविता येतात.