लिंडन वृक्षाची ओळख

इंग्रजी गोष्टींत 'लाइम' वृक्षांच्या दुतर्फा रांगांचा उल्लेख पुष्कळदा येतो. तो वाचताच मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे लिंबाची काटेरी झाडे उभी राहतात आणि एवढ्या ठेंगण्या झाडांखालून घोडागाडी कशी जात असेल, असे कोडे त्यांना पडते. हा सारा घोटाळा नावामुळे झालेला आहे. या वृक्षाचे जुने इंग्रजी नाव 'लिंड' असे होते. लोकांच्या बोलण्यात त्याचे 'लाइन' झाले आणि पुढे 'लाइम' झाले. लिंबाशी त्याचे नाते मुळीच नाही. जर्मन लोक त्याला 'लिंडं' म्हणतात. 'लिंडन' हे त्याचे दुसरे प्रचलित नाव असून घोटाळा टाळण्यासाठी तेच वापरणे बरे.

लिंडन हा उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांचा वृक्ष होय. युरोप, आशियाचा उत्तरेकडील व पूर्वेकडील भाग आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग येथे त्याच्या सुमारे ३० जाती आढळतात. आपल्या खेड्यांत वडाला किंवा पिंपळाला पार असतो, तसे मध्य युरोपातील अनेक खेड्यांत लिंडनला स्थान होते. त्याच्या छायेत गावसभा भरत, नृत्ये होत आणि न्यायनिवाडेही होत. चेक लोकांनी त्याला आपला राष्ट्रीय वृक्ष मानले आहे. बर्लिन शहरात १६४७ साली लिंडन व अक्रोड यांची झाडे लावून एक मार्ग तयार करण्यात आला. तो आजही 'लिंडनखालचा मार्ग' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. स्लाव्ह भाषांत या वृक्षाला 'लिपा' म्हणतात. पोलंडमध्ये जुलै महिन्याचे नाव या शब्दावरून पडले, तर दक्षिणेकडील क्रोएशियात जून महिन्याचे नाव त्याच शब्दावरून पडले. याचे कारण उघड आहे. दक्षिणेस उन्हाळा लवकर येतो आणि लिंडनही लवकर फुलतो. वृक्षाने जणू लोकांना पंचांगच तयार करून दिले.

वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस (१७०७–१७७८) याच्या आडनावातही हाच वृक्ष दडलेला आहे. त्याच्या वडिलांना विद्यालयात आडनाव लिहून देण्याची वेळ आली, तेव्हा घराण्याच्या जमिनीवरील प्रचंड लिंडन त्यांना आठवला आणि त्यावरून त्यांनी 'लिनियस' हे नाव घेतले. शास्त्रात या वृक्षाच्या प्रजातीला 'टिलिया' म्हणतात. सह्याद्रीच्या रानांत धामण नावाचे झाड असते. त्याच्या शास्त्रीय नावाचा एक भाग 'टिलिइफोलिया' असा आहे; त्याचा अर्थ 'लिंडनसारखी पाने असलेला' असा होतो. हे साम्य वरवरचे नाही. लिंडन, धामण, फालसा व ताग ही पूर्वी एकाच कुलात गणली जात. आता त्या सर्वांचा समावेश कापूस, भेंडी आणि जास्वंद यांच्या कुलात केला जातो. ताग व अंबाडी यांच्याप्रमाणे लिंडनच्या आतील सालीतही चिवट वाख असतो. युरोपातील शेतकरी ती साल पाण्यात भिजत घालून तिच्यापासून दोर व चटया करीत.

लिंडन ओळखावयाचा असेल, तर त्याला एकदाच पाहून भागत नाही; वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. हिवाळ्यात तो पर्णहीन असतो. तेव्हा त्याच्या कोवळ्या डहाळ्या सरळ नसून प्रत्येक कळीपाशी किंचित वळण घेत गेलेल्या दिसतात. कळ्या फुगीर, बहुधा तांबूस असतात. वसंतात पाने फुटतात. पान पिंपळपानासारखे हृदयाकार, परंतु दंतुर कडांचे असते. देठापाशी त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक बाजू जरा खाली उतरलेली असते. उन्हाळ्यात फिकट पिवळ्या फुलांचे लहान लहान झुबके येतात. प्रत्येक झुबक्याच्या दांड्याला जिभेच्या आकाराचे एक लांबट, फिकट हिरवे पान चिकटलेले असते. त्याला छद असे म्हणतात. ही खूण दिसली, की झाड लिंडन आहे याविषयी शंका राहत नाही. पुढे फळे वाटाण्याएवढी होतात आणि शरद ऋतूत छदासह गळू लागतात. तेव्हा छद भिंगरीप्रमाणे फिरतो व वाऱ्यावर फळांना मातृवृक्षापासून थोडे दूर नेऊन टाकतो.

झाड लिंडन आहे एवढे कळले, तरी काम अर्धेच झाले. तो कोणत्या जातीचा आहे, हे पाहण्यासाठी पान उलटावे लागते. लहान पानांच्या लिंडनचे पान बहुधा ३ ते ८ सेंटिमीटर लांब असते. त्याची खालची बाजू गुळगुळीत असून केवळ शिरांच्या बेचक्यांत तांबूस, गंजाच्या रंगाच्या लवीचे पुंजके असतात. त्याची फुले वर व आजूबाजूस तोंड करून उभी राहतात. मोठ्या पानांच्या लिंडनचे पान याहून बरेच मोठे असते आणि त्याच्या खालच्या बाजूस बोट फिरवले, तर मऊ लव लागते. त्याची फुले खाली लोंबतात आणि टणक फळावर पाच कंगोरे स्पष्ट दिसतात. या दोन जातींचा नैसर्गिक संकरही होतो. त्याचे पान मध्यम आकाराचे असून शिरांच्या बेचक्यांत पांढुरके पुंजके असतात. त्याच्या बुंध्याभोवती धुमाऱ्यांचे दाट रान माजते. चौथा, रुपेरी लिंडन, हा आग्नेय युरोपातील होय. त्याच्या पानांची खालची बाजू पांढऱ्या लवीने आच्छादलेली असते. वारा सुटला म्हणजे सारे झाड क्षणात हिरवे, क्षणात रुपेरी दिसते. मोठ्या पानांचा लिंडन सर्वांत आधी फुलतो. त्यामागून संकर, मग लहान पानांचा आणि अखेरीस रुपेरी लिंडन फुलतो. चारही झाडे एका बागेत असली, तर मधमाश्यांची मेजवानी कित्येक आठवडे चालते.

पानाखालची लव तपासण्यात एवढा वेळ कशासाठी घालवावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बागेतच मिळते. लिंडनच्या पानांवर मावा पडतो. तो पानांतील रस शोषतो आणि गोड चिकटा खाली टाकतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. झाडाखालची बाके, फरशी व मोटारी यांवर काळपट चिकट थर बसतो. संकराच्या झाडावर हा उपद्रव फार होतो, शिवाय त्याचे धुमारे दरवर्षी छाटावे लागतात. रुपेरी लिंडनच्या लवदार पानांवर मावा फारसा टिकत नाही. म्हणून बसण्याच्या जागेजवळ किंवा रस्त्याकडेला लावावयाचे झाड आधी नीट ओळखून घेणे आवश्यक असते. वांग्याचे रोप चुकले, तर पुढच्या हंगामात चूक सुधारता येते. लिंडनचे रोप चुकले, तर ती चूक पुढील दोनशे वर्षे उभी राहते.

लिंडनची लागवड बियांपासून करता येते. मात्र ती करणाऱ्याजवळ धीर हवा. फळाचे कवच टणक असते, आतील बीजाच्या सालीतून पाणी सहज शिरत नाही आणि बीज स्वतःही निद्रिस्त असते. वाळलेले बी पेरले, तर ते बहुधा पहिल्या वसंतात उगवत नाही. ते ओलसर वाळूत ठेवून त्याला आधी काही महिने ऊब व नंतर काही महिने थंडी द्यावी लागते. अनुभवी माळी याला एक तोड काढतात. फळाचा हिरवा रंग पालटू लागताच, कवच टणक होण्यापूर्वीच, ते फळे तोडतात व लगेच पेरतात. तसे केल्यास काही रोपे पुढच्याच वसंतात वर येतात. अनेक फळे पोकळ असतात, म्हणून पेरण्यापूर्वी दोन-चार फोडून पाहावी लागतात. पेरलेल्या जागेवर बारीक जाळी घालावी लागते, नाही तर उंदीर बी खाऊन टाकतात. रोप उगवले, की एक मौज दिसते. त्याची पहिली दोन पाने हृदयाकार नसतात. ती बोटे पसरलेल्या चिमुकल्या पंजासारखी असतात. ज्याला हे ठाऊक नसते, तो माळी त्या रोपाला तण समजून उपटून टाकतो!

दुसरी रीत दाबकलमाची. हिवाळ्यात मातृवृक्षाचे खोड जमिनीलगत कापतात. वसंतात त्यातून अनेक फुटवे निघतात. त्यांच्या बुडाशी मातीचा ढीग केला, म्हणजे त्यांना मुळे फुटतात आणि पुढे ते वेगळे करून लावता येतात. अशी सर्व रोपे मातृवृक्षासारखीच निपजतात. हॉलंडमधील रोपवाटिकांत ही कला फार जुनी आहे. सतराव्या शतकात संकराची असंख्य रोपे तेथून इंग्लंडात गेली आणि तेथील राजवाड्यांपुढील मार्ग त्यांनी शोभिवंत झाले. झाडे एकसारखी वाढली, रांगा सुंदर दिसल्या. परंतु बुंध्याशी माजणारे धुमारेही रोपांबरोबर आले.

रोप पाने गळाल्यानंतर, परंतु जमीन गोठलेली नसताना लावतात. जमीन खोल, ओलावा धरणारी, पण पाणी साचू न देणारी असावी. खड्डा मुळे मोकळी पसरतील एवढा रुंद घेतात. मूळ व खोड यांचा सांधा जमिनीच्या पातळीवर ठेवतात. तो खोल गाडला, तर झाड खंगते. आधाराला काठी बांधतात, बुंध्याभोवतीचे गवत दूर करतात आणि पहिले दोन-तीन उन्हाळे भरपूर पाणी देतात. घरापासून पुरेसे अंतर ठेवणे तर अवश्यच असते, कारण हा वृक्ष ३० मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही उंच वाढतो. छाटणी मात्र तो निमूटपणे सोसतो.

या सोसण्याच्या गुणामुळेच लिंडनला दीर्घायुष्य लाभले आहे. इंग्लंडातील वेस्टनबर्ट येथे लहान पानांच्या लिंडनचा एक वर्तुळाकार समूह आहे. तो अनेक झाडांचा भासतो. वस्तुतः ते वारंवार तोडलेले आणि वारंवार फुटलेले एकच झाड आहे. त्याचे वय सुमारे २,००० वर्षे असावे, असा अंदाज आहे. उत्तर इंग्लंडातील लिंडनची कथा याहून विस्मयकारक आहे. ही झाडे फुलत, पण त्यांची रोपे जवळजवळ कोठेच आढळत नसत. डोनाल्ड पिगट व जे. पी. हंटली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचा शोध घेऊन १९७८ ते १९८१ या काळात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील थंड उन्हाळ्यात परागनलिका अतिशय मंद वाढते. ती वेळेत बीजांडापर्यंत पोहोचत नाही आणि फळे पोकळ राहतात. क्वचित एखादा उन्हाळा फार उष्ण झाला, तरच सकस बी धरते. हवामान अधिक उबदार असलेल्या प्राचीन काळी ही झाडे तेथे रुजली. पुढे हवा थंड झाली, तरी पडलेल्या खोडातून पुन्हा फुटत आणि वाकलेल्या फांदीला मुळे फोडत ती आपल्या जागी टिकून राहिली.

लिंडनचे लाकूड मऊ व एकसारख्या पोताचे असते. फाइट श्टोस या शिल्पकाराने पोलंडमधील क्राको शहराच्या चर्चमध्ये १४७७ ते १४८९ या १२ वर्षांत जी भव्य वेदी उभारली, तिच्यावरील मूर्ती याच लाकडात कोरलेल्या आहेत. त्याच्या हाती आलेली झाडे कोणी जोपासली, हे इतिहासाला ठाऊक नाही. आज बागेत लिंडनचे रोप लावणारा माळीही त्याची पूर्ण वाढ पाहणार नाही. तथापि रोप लावण्यापूर्वी तो पान उलटून पाहतो, शिरांच्या बेचक्यांतील लवीचा रंग तपासतो आणि मगच खड्ड्यात रोप ठेवतो. पुढे त्या सावलीत बसणाऱ्यांना त्याचे नाव कळणार नाही. पण त्यांच्या बाकावर चिकटा पडला नाही, तर त्याची काळजी त्यांच्यापर्यंत पोहोचली असे समजावे.

शब्दार्थ
समशीतोष्ण – फार थंड नाही व फार उष्ण नाही असा
दंतुर – दातेरी कडांचा
बेचके – दोन फाटे फुटतात ती जागा
वाख – दोर वळण्याजोगे सालीचे धागे
संकर – दोन भिन्न जातींपासून झालेली संतती
धुमारे – बुंध्यातून किंवा खोडातून फुटणारे कोंब
तोड – युक्ती, उपाय
पोत – लाकडाची किंवा कापडाची घडण

स्वाध्याय
१. 'लाइम' या नावामुळे मराठी वाचकाचा कोणता गैरसमज होतो? तो कसा दूर करता येईल?
२. पोलंड व क्रोएशिया या देशांत लिंडनवरून पडलेली महिन्यांची नावे वेगवेगळ्या महिन्यांची का आहेत?
३. पुढील खुणांवरून लिंडनची जात ओळखा : (अ) शिरांच्या बेचक्यांत गंजाच्या रंगाचे पुंजके, (आ) फळावर पाच कंगोरे, (इ) पानाची खालची बाजू पांढरी, (ई) बुंध्याभोवती धुमाऱ्यांचे रान.
४. कारणे द्या : (अ) अनुभवी माळी लिंडनची फळे वाळण्यापूर्वीच तोडतात. (आ) उत्तर इंग्लंडातील लिंडनची फळे बहुधा पोकळ असतात.
५. 'लिंडनचे रोप चुकले, तर ती चूक पुढील दोनशे वर्षे उभी राहते,' या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निमूटपणे, तोड काढणे, विस्मयकारक, निपजणे.
७. उपक्रम : हंगाम संपल्यावर भेंडीच्या किंवा अंबाडीच्या झाडाची साल सोलून तिच्यातील वाख पाहा. परिसरातील कोणत्याही एका झाडाच्या डहाळ्या, पाने, फुले व फळे यांतील बदलांची वर्षभर नोंद ठेवा.