वर्धेकाठची वाट

कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करीत चंद्रपूरला जाणारा रस्ता आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या पायाखालचा आहे. गडचांदूरजवळ सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. त्यांना लागणारा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला. दक्षिणेस माणिकगडाचा डोंगर. राजुऱ्यापुढे वर्धा नदी, पैलतीरी बल्लारपूरचा गोंडकालीन किल्ला. भद्रावतीची विजासन लेणी पाहिली की या खोऱ्यातील धम्माचे वयही कळते.

इतके स्थळदर्शनाच्या पुस्तिकांत सापडते. नदीची दुसरी गोष्ट मात्र वर्गात मुद्दाम सांगावी लागते. वर्धा ही सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद, पलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत. १९४८ मध्ये निजामशाही संपली, तरी राजुरा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच राहिला आणि कोरपना त्याच तालुक्यात होते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली, तेव्हा ते शहर मध्य प्रदेशात होते. म्हणजे आपल्या गावांतून जो कोणी निघाला असेल, त्याने दीक्षेसाठी राज्याची सीमा ओलांडली. अवघ्या सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, ती सीमा पुसली गेली. दोन्ही तीर मुंबई राज्यात आले. (राजुरा आधी नांदेड जिल्ह्यात गेला, चंद्रपूरला १९५९ मध्ये जोडला गेला.)

ते बैलगाडीने गेले की पायी, नदी कुठे उतरले, सोबत कोण होते? त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत. पालकहो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांकरवी आजी-आजोबांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवू.