श्रद्धांजलीचे चार शब्द आपणही बोलूया

तायांनो, गटातली एखादी बाई गेली की आपण सगळ्या धावतो. त्या घरी पिठलं-भाकरी पोचवतो, लेकी-सुनांजवळ बसतो. पण दहाव्याला श्रद्धांजलीची वेळ आली की माइक पुढाऱ्यांच्या हातात. "अमक्यांच्या मातोश्री गेल्या, मोठी पोकळी झाली," एवढंच ते बोलतात. बाईचं नावही येत नाही. आणि तिला खरं ओळखणाऱ्या आपण मागे डोळ्याला पदर लावून बसतो. यापुढे गटातली एक तरी उठून बोलली पाहिजे.

तयारी

१. इतिवृत्ताची वही काढा. ती गटात कधी आली, पहिलं कर्ज कशासाठी घेतलं, सगळं त्यात सापडतं.

२. घरच्यांना विचारा, काय सांगितलेलं आवडेल, काय नको. सूत्रसंचालकाकडे आपलं नाव त्यांच्यामार्फतच द्या.

३. एकच प्रसंग निवडा. "फार मायाळू होत्या" हे कुणाबद्दलही म्हणता येतं. नसलेले गुण चिकटवू नका. फटकळ असेल, तर तो फटकळपणा कुणाच्या कामी आला ते सांगा.

नमुना (सुरुवातीला तिचं पूर्ण नाव घ्या.)

"आक्का गटात आल्या तेव्हा अंगठा लावायच्या. सही शिकायला सहा महिने लागले. पहिली सही केली ती शेळीच्या कर्जाच्या कागदावर. पुढे नवी बाई आली की तिचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या. आज आमच्या वहीत एकही अंगठा नाही, तो आक्कांमुळे. आक्का, सोमवारच्या बैठकीत तुमची जागा रिकामी दिसेल. पण नव्या बाईचा हात आता आम्ही धरू."

बोलताना

दोन-तीन मिनिटं पुरे. कागद हातात ठेवा, घरी दोनदा मोठ्यानं वाचून बघा. रडू आलं तर थांबा, लाजू नका. एका मैत्रिणीला शेजारी उभी करा. तुमचा आवाज अडला तर ती पुढचं वाचेल.

कर्ज, हप्ते, आजारपणाचे तपशील, घरातले वाद तिथे काढू नका. विम्याच्या कागदांचं नंतर घरी जाऊन बोला.

पुढच्या बैठकीचा अभ्यास

प्रत्येकीनं शेजारी बसलेलीबद्दल एक खरी, चांगली गोष्ट सांगायची. बोलायची सवय होईल, आणि तिलाही ते जिवंतपणी ऐकायला मिळेल.