नोकरी स्वीकारण्याआधी

चि. सोनूस,

तुझा निरोप वाचला. एकीकडे मोठ्या कंपनीचं बोलावणं, दुसरीकडे सॉफ्टवेअरचे आराखडे काढायची साधनं बनवणारी चाळीस माणसांची कंपनी, आणि बाबांना वाटतं की अशा छोट्या कंपन्या टिकत नाहीत. फोनवर हे नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

बाबांचं म्हणणं खोटं नाही. या धंद्यात कंपन्या फार लवकर हात बदलतात. असलीच साधनं बनवणाऱ्या रॅशनल कंपनीचंच बघ. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांच्याही आराखडे काढायच्या आपापल्या पद्धती होत्या. बूच क्लाससाठी ढग काढायचे, रम्बॉ चौकोन. तिघंही रॅशनलमध्ये एकत्र आले आणि त्यांच्या कामातून आराखड्यांचं सामायिक चिन्हांकन, यूएमएल, तयार झालं. १९९७ मध्ये ते प्रमाण म्हणून स्वीकारलं गेलं. पुढे २००३ मध्ये आयबीएमने अख्खी रॅशनल दोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. तू कॉलेजात जे चौकोन-बाण गिरवलेस, ते तिथलेच.

पण कंपनी टिकेल का, यापेक्षा मला तुझी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही तीन महिने आराखडे काढले. सुंदर होते गं, मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावले होते. मग कोड लिहायला घेतला. ग्राहकाने मागण्या बदलल्या, कोड बदलला, भिंत तशीच राहिली. सहा महिन्यांनी नवीन आलेल्या मुलाने त्या भिंतीवर विश्वास ठेवून काम केलं आणि त्याचे दोन आठवडे वाया गेले. बोलणी त्यालाच बसली. चूक त्याची नव्हती, हे मी तेव्हा बोलायला हवं होतं.

आराखडा आणि कोड अशा दोन गोष्टी वेगवेगळ्या सांभाळायच्या असल्या, की घाईत आराखडा मागे पडतो. म्हणून मला मॅथवर्क्सच्या सिम्युलिंकचं मोल वाटतं. मोटारीच्या नियंत्रणाचं काम करणारा इंजिनिअर त्यात ठोकळे जोडतो, तिथेच ते चालवून बघतो आणि त्याच आकृतीतून सी भाषेतला कोड निघतो. बदल करायचा तर आकृतीतच करायचा. आपल्या हडपसरला टाटांच्या संशोधन केंद्रातही, टीआरडीडीसीत, याच वाटेने काम झालं. मॉडेलमधून प्रोग्राम तयार करायचा, हा टीसीएसच्या मास्टरक्राफ्ट या साधनाचा गाभा. हे काम पुण्यात झालं, याचा मला अभिमान आहे.

आणि छोट्या कंपनीचं म्हणशील, तर जेटब्रेन्स बघ. २००० साली प्रागमध्ये तिघा प्रोग्रामरांनी काढलेली कंपनी. त्यांचं पहिलं साधन एवढंच करायचं: जावाच्या कोडमधलं एखादं नाव बदललं, की ते जिथे जिथे वापरलंय तिथे बिनचूक बदलायचं. ज्याने हे काम हाताने करताना रात्र घालवली आहे, त्यालाच त्याची किंमत कळते. आज ज्या कोटलिनमध्ये तू अँड्रॉइडची ॲप लिहितेस, ती भाषा याच कंपनीची.

तेव्हा त्या छोट्या कंपनीला विचार, तुमच्या साधनामुळे प्रोग्रामरचं नेमकं कोणतं काम वाचतं? आणि पैसे मोजून ते घेतं कोण, रोज वापरतं कोण? साहेबांना अहवालात दाखवायला म्हणून घेतलेलं साधन मुलं पहिल्या संधीला बंद करतात. शक्य झालं तर त्यांच्या एखाद्या ग्राहकाकडे अर्धा दिवस बसू द्या म्हणावं. वापरणाऱ्याचा हात कुठे अडतो, कुठे तो वैतागून वहीत आकृती काढतो, तेवढं बघ. बसू दिलं नाही, तर का नाही तेही विचार.

माझा कौल त्या छोट्या कंपनीकडेच आहे, तुझ्यापासून लपवत नाही. पण आधी हे विचारून घे. रविवारी घरी ये, दोन्ही पत्रं घेऊन ये. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आत्या