नकाराचं कारण कुणी सांगत का नाही?

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, वय २५. गेल्या दोन वर्षांत पीएच.डी.साठी सहा ठिकाणी अर्ज केले. चार ठिकाणी मुलाखतीलाच बोलावलं नाही. दोन ठिकाणी मुलाखत झाली, पण अंतिम यादीत नाव आलं नाही. काय कमी पडलं हे एकाही ठिकाणाहून कळलं नाही. कारण न सांगता नकार का देतात? घरी 'आता पुरे' असं बोलणं सुरू झालंय आणि मलाही स्वतःची शंका येऊ लागली आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कारण सांगत नाहीत, कारण बहुतेक वेळा ते कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. ज्याची निवड होते त्याच्याबद्दल समितीत चर्चा होते. बाकीची नावं गुणांच्या क्रमाने खाली राहतात. 'हिला का घेतलं नाही' यावर कुणी वेगळा शेरा मारत नाही. त्यामुळे नकाराच्या पत्रात स्वतःचं मूल्यमापन शोधत बसलात, तर हाती काही लागणार नाही.

आता जागांचा हिशोब पाहा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी पीएच.डी. करू शकतात. समजा, एखाद्या विभागात एक प्राध्यापक, एक सहयोगी आणि दोन सहायक प्राध्यापक मार्गदर्शक आहेत. सगळे मिळून २२ जागा झाल्या. एका प्रबंधाला पाच वर्षं धरली, तर वर्षाला जेमतेम चार जागा मोकळ्या होतात. त्यातच निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे प्राध्यापक निवृत्तीला आले की त्यांच्या आठ जागा बाजूला पडतात. उरलेल्या दोन-तीन जागा आरक्षणाच्या प्रवर्गांत आणि मार्गदर्शकांच्या विषयांत वाटल्या जातात. जागा शैवालावर काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे असेल आणि तुमचा ओढा फुलझाडांच्या वर्गीकरणाकडे असेल, तर तुम्ही कितीही हुशार असलात तरी त्या वर्षी ती जागा तुमची नसते.

म्हणून सहा नकारांची एकच मोळी बांधू नका. मुलाखतीआधीचे चार आणि नंतरचे दोन वेगवेगळे आहेत.

पहिल्या चारांचा संबंध बहुधा गुणांशी आहे. २०२४पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जाऊ लागले आहेत. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. नेटमधून केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांच्या बाबतीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. तिथे पाच-सात गुणांनी यादीतली जागा पार बदलते. हे दुखणं अभ्यासाने बरं होणारं आहे. नेट वर्षातून दोनदा होते, तिची तयारी करा आणि हा भाग मनाला लावून घेऊ नका.

दोन मुलाखती मात्र नीट आठवून कागदावर उतरवा. काय विचारलं, तुम्ही काय बोललात, कुठे अडखळलात. मुलाखतीत उमेदवार बहुतेक वेळा संशोधनाच्या आराखड्यावर घसरतात. 'पश्चिम घाटातील वनस्पतींच्या विविधतेचा अभ्यास करायचा आहे,' असं कुणी म्हटलं की समोरून प्रश्न येतो, 'कोणत्या वनस्पती? कुठल्या? किती दिवसांत?' आणि उमेदवार गप्प होतो. तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून कासच्या पठाराचंच उदाहरण घेते. सड्यावर पावसाळ्यात 'सीतेची आसवं' फुलतात. जमिनीत पोषणद्रव्यं कमी, म्हणून ही वनस्पती इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून गरज भागवते. पाऊस लवकर ओसरला आणि ओल आटली, तर तिच्या फुलण्यावर आणि बी धरण्यावर काय परिणाम होतो? हा प्रश्न एका माणसाला, ठरावीक चौकटी आखून, तीन-चार हंगामांत तपासता येतो. असा आराखडा पाहिला की मार्गदर्शकाला कळतं, ही मुलगी सड्यावर जाऊन आली आहे.

ज्यांनी मुलाखत घेतली त्यांतल्या एकांना चार ओळींचा मेल करायला हरकत नाही. पण 'माझी निवड का झाली नाही' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यांना देता येत नाही. 'माझ्या आराखड्यातला कोणता भाग कच्चा वाटला?' एवढंच विचारा. उत्तर येईलच असं नाही, पण आलं तर ते लाखमोलाचं असतं.

अन्यायाने दिलेले नकारही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कमला सोहोनी (तेव्हाच्या कमला भागवत) यांनी १९३३मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल गुणांनी मिळवली आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून तो नाकारला. कमलाबाई तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला, आणि १९३९मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांना नकाराचं कारण ठाऊक होतं, म्हणून त्या कारणाशी भांडता आलं. तुमच्या बाबतीत नियम डावलल्याचं ठोस काही दिसत असेल, तर लेखी तक्रार करा, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नुसत्या संशयावर मात्र दोन वर्षं जाळू नका.

आता घरचं बोलणं. आईवडिलांना 'पुन्हा प्रयत्न करते' एवढंच सांगितलं, की त्यांना शेवट दिसत नाही आणि ते घाबरतात. त्यांच्यापुढे मुदत ठेवा : अमुक परीक्षा, अमुक ठिकाणचे अर्ज आणि तोवर कमाईची ही सोय. संशोधन प्रकल्पांत सहायकांच्या जागा निघतात. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा ठिकाणी हर्बेरियममध्ये नमुने हाताळत वर्षभर काम केलं, तर पुढच्या मुलाखतीत तुमच्याकडे बोलायला स्वतःचं काम असेल. वयाचीही धास्ती नको. जेआरएफसाठी महिलांना वयात ५ वर्षांची सवलत आहे आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठीच्या नेटला वयाची अटच नाही.

नकार जिव्हारी लागतोच. चार दिवस रडावंसं वाटलं तर रडा, मैत्रिणीकडे जा. पण झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, तर अंगावर काढू नका. १४४१६ या 'टेलीमानस'च्या क्रमांकावर सरकारी समुपदेशक मोफत बोलतात.

तुमच्या पत्रात 'मला संशोधन आवडतं का' ही शंका कुठेच दिसली नाही. शंका आहे ती निवड होण्याची. तेव्हा आराखडा या महिन्यातच पुन्हा लिहायला घ्या, आणि पुढचा अर्ज भरण्याआधी तो तुम्हाला न ओळखणाऱ्या एका मार्गदर्शकाला दाखवा.